क्रीडांगण उभारले, पुढे काय?

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग चालविला, त्यामागे जहागीरदार नारायणराव घोरपडे यांचे प्रोत्साहन होते. उद्योगाला भांडवलाइतकाच आश्रयही लागतो, हे या गावाने तेव्हाच अनुभवले. खेळाची गोष्ट निराळी नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे मैदान उभारले, म्हणून कुस्तीला हक्काची जागा लाभली.

आता राजाश्रयाची ही जागा स्थानिक स्वराज्य संस्थेने घ्यावयाची आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत क्रीडांगणांचा स्पष्ट उल्लेख आहे. २०२२ साली इचलकरंजी नगरपालिकेची महानगरपालिकाही झाली. परंतु पंचगंगेच्या प्रदूषणामुळे जेथे पिण्याच्या पाण्याचीच विवंचना, तेथे खेळासाठी पैसा कोठून आणावा, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे.

तथापि, खरी उणीव बहुधा बांधकामाच्या पैशाची नसते. भांडवली खर्चाला शासकीय अनुदान मिळू शकते, कोनशिलाही बसते. रखवालदार, दिवे, पाणी व दुरुस्ती यांच्या आवर्ती खर्चाची तरतूद तेवढी राहून जाते. ही रक्कम तुलनेने लहान असते, पण ती दरवर्षी लागते. तालमी व क्रीडामंडळांनी वर्गणी आणि श्रम द्यावेत. महापालिकेने तेवढीच भर घालून अंदाजपत्रकात देखभालीसाठी स्वतंत्र तरतूद करावी.

धनिकाचा मुलगा शुल्क भरून कोठेही खेळेल. रात्रपाळी करणाऱ्या यंत्रमाग कामगाराच्या मुलाला मात्र सार्वजनिक मैदानाखेरीज दुसरे मैदान नाही, हे विसरून चालणार नाही.