लाल फळांची दोन झाडे

मुलांनो, दसऱ्याला आपण आपट्याची पाने 'सोने' म्हणून वाटतो. बाजारात आपट्याबरोबर कांचनाची पानेही विकायला येतात. दोन्ही पाने मधोमध दुभंगलेली असतात, त्यामुळे पुष्कळजण फसतात. आपट्याचे पान लहान व जाड असते, तर कांचनाचे मोठे व पातळ असते. हे ज्याला ठाऊक आहे, तो फसत नाही.

झाडे ओळखताना असा घोटाळा दूरदेशीही होतो. आयर्लंड देशाच्या वायव्येला स्लायगो नावाचा परगणा आहे. तेथे लॉख गिल नावाचे सरोवर आहे. त्याच्या काठच्या रानात एक सदाहरित झाड वाढते. त्याला लाल, खरबरीत, गोल फळे लागतात. ती स्ट्रॉबेरीसारखी दिसतात, म्हणून या झाडाला 'स्ट्रॉबेरीचे झाड' म्हणतात. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी जमिनीलगतच्या लहानशा रोपाला लागते. हे मात्र चांगले उंच झाड आहे. स्पेन, पोर्तुगाल अशा उबदार देशांत ते पुष्कळ आढळते. लॉख गिलच्या उत्तरेला मात्र ते रानात कोठेच आढळत नाही.

आयर्लंडमधील बागांत शोभेसाठी आणखी एक झाड लावतात. त्याचे नाव कौसा डॉगवुड. ते मूळचे जपान, कोरिया व चीन या देशांतले. त्यालाही लाल, खरबरीत फळे लागतात. मग ही दोन झाडे वेगळी ओळखायची कशी?

प्रथम पाने पाहा. तुळशीची पाने फांदीवर समोरासमोर असतात. डॉगवुडची पानेही तशीच असतात. जास्वंदीची पाने एकाआड एक असतात. स्ट्रॉबेरीच्या झाडाची पानेही तशीच असतात. त्यांच्या कडेला करवतीसारखे दातेही असतात. डॉगवुडच्या पानाला दाते नसतात. त्याच्या शिरा कडेकडेने वळत टोकाकडे जातात.

आता एक गंमत करा. डॉगवुडचे गळलेले ताजे पान घ्या. ते आडवे फाडून दोन्ही तुकडे हळूच दूर न्या. खालचा तुकडा पडत नाही! तो बारीक पांढऱ्या धाग्यांना लोंबकळतो. पानाच्या शिरांत पाणी वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात. त्यांच्या भिंतींतील वेटोळे उलगडून हे धागे तयार होतात. कमळाचा देठ मोडल्यावर दिसणारे तंतूही असेच असतात.

डॉगवुडला जूनच्या सुमारास बहर येतो. चार टोकदार पांढऱ्या पाकळ्या दिसतात. पण त्या पाकळ्या नसतात, ती रंग बदललेली पाने असतात! आपल्या बोगनवेलीचेही तसेच असते. खरी फुले अगदी लहान असतात. ती मधोमध गोळा होऊन बसलेली असतात. स्ट्रॉबेरीच्या झाडाची फुले लहान घागरींसारखी असतात. ती शरद ऋतूत येतात. त्याचे फळ पिकायला सुमारे एक वर्ष लागते, म्हणून फुले आणि पिकलेली फळे एकाच वेळी झाडावर दिसतात.

फळातही फरक आहेच. डॉगवुडचे फळ लांब देठावर एकेकटे असते. फणसाप्रमाणे अनेक फुले जुळून ते एक फळ बनते. स्ट्रॉबेरीच्या झाडाचे फळ एकाच फुलापासून तयार होते.

थंडीत तर ओळख आणखी सोपी होते. डॉगवुडची पाने लाल होऊन गळून पडतात. स्ट्रॉबेरीचे झाड हिरवेगार राहते.

या दोन्ही झाडांची पिकलेली फळे खाता येतात. पण सारीच लाल फळे आणि बिया अशा नसतात. गुंजेचे लाल बी किती सुंदर दिसते! पण ते फार विषारी असते. म्हणून अनोळखी फळ किंवा बी तोंडात घालू नये. एकाच खुणेवर विसंबूनही राहू नये. पान, फूल, फळ, ऋतू अशा चार खुणा जुळल्या, म्हणजेच झाडाची खरी ओळख पटते.

स्वाध्याय
१. डॉगवुडच्या पांढऱ्या 'पाकळ्या' खरोखर काय असतात?
२. स्ट्रॉबेरीच्या झाडावर फुले व पिकलेली फळे एकाच वेळी का दिसतात?
३. शाळेजवळची दोन सारखी दिसणारी झाडे शोधा. त्यांतील चार फरक वहीत लिहा.