घरी घेतलेली गोळी

शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यातल्या पाड्यावरून सरकारी रुग्णालय गाठायचं, तर दिवसाची मजुरी बुडते आणि गावात चर्चा होते. म्हणून अनेकजणी नवऱ्याकरवी किंवा ओळखीतून गर्भपाताच्या गोळ्या मागवतात. हे फक्त इथलंच नाही. २०१५ साली भारतात अंदाजे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, त्यातले ७३ टक्के रुग्णालयाबाहेर, गोळ्यांनी. याला निष्काळजीपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल ही औषधं नऊ आठवड्यांपर्यंत, योग्य मात्रेत बहुतेकींना सुरक्षित असतात. कायद्याने मात्र ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची. गर्भ नळीत असेल तर गोळी काम करत नाही आणि जिवावर बेतू शकतं. गोळी घेतल्यावर तासाला दोन पॅड भिजणं सलग दोन तास चाललं, ताप टिकला, असह्य पोटदुखी किंवा चक्कर आली, तर ताबडतोब रुग्णालय गाठावं.

गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागते, हा समज तर खोटाच. १९७१च्या कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. सप्टेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही विवाहितेइतकाच हक्क दिला.