पडद्यावरचा इतिहास (लेखांक ६) : राजधानीपासून लांजी किती दूर?

४ नोव्हेंबर २०२५ला ‘युरोपा युनिव्हर्सालिस’चा पाचवा भाग आला. चौथा भाग ऑगस्ट २०१३चा. म्हणजे बारा वर्षं लोक तोच खेळत होते आणि त्यालाच नावं ठेवत होते. या खेळाची वंशावळ, म्हणजे १९९३चा फ्रेंच पटावरचा खेळ आणि २००० साली स्वीडनच्या पॅरॅडॉक्स कंपनीने त्याला दिलेलं संगणकावरचं रूप, मागच्या लेखात होऊन गेली. आज नव्या भागातल्या एकाच यंत्रणेबद्दल. ती समजली की बाकीचा पसारा फारसा भिववत नाही.

बार्सिलोनाजवळच्या पॅरॅडॉक्स टिंटो या स्टुडिओत, योहान अँडरसन यांच्या देखरेखीखाली हा खेळ घडला. फेब्रुवारी २०२४पासून दर आठवड्याला त्यांनी आतली रचना उलगडून दाखवली आणि खेळाचं नाव मात्र मे २०२५पर्यंत पोटात ठेवलं. या जाहिरातबाजीचं मला कौतुक आहे. नाव लपवून हिशेब दाखवणारे फार थोडे.

खेळाची सुरुवात १ एप्रिल १३३७ची, पल्ला सुमारे पाचशे वर्षांचा. त्या दिवशी देवगिरीच्या यादवांचं राज्य बुडून वीस वर्षं झालेली, दौलताबादेत मुहंमद तुघलकाचा अंमल, दक्षिणेत विजयनगर नुकतं उभं राहिलेलं आणि बहमनी राज्य जन्मायला अजून दहा वर्षं अवकाश. नकाशा उघडला की दिल्लीचा रंग अवाढव्य पसरलेला दिसतो. जुना खेळाडू तो रंग पाहून दबकतो. नव्या भागात दबकायचं कारण नाही, कारण रंग आणि राज्य या इथे वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रत्येक ठिकाणावर राजधानीची पकड किती, हे खेळ सतत मोजत असतो. खेळात तिला ‘कंट्रोल’ म्हणतात. पकड राजधानीत सर्वांत घट्ट. तिथून अंतर वाढेल तशी ती सुटत जाते. डोंगर-जंगल आलं की आणखी लवकर, नदी, समुद्रकिनारा किंवा बांधलेला रस्ता असला की जरा उशिरा. कालव्याच्या तोंडाशी पाणी धो-धो आणि टेलच्या बांधीत नुसती ओल, तसलाच प्रकार. जिथे पकड दहा टक्के, तिथला माणूस पिकवतो भरपूर, पण खजिन्यात त्यातलं जेमतेम पोचतं. बोलावलेली फौजही तशीच तुटपुंजी. उरलेली सत्ता सरदार, धर्मपीठं आणि गावकरी यांच्याकडे राहते. मुलूख जिंकण्यापेक्षा तो सांभाळणं अवघड, हे जुन्या भागात राजाच्या ‘पॉइंटां’नी विकत घेऊन निभायचं. ते पॉइंट आता गेले.

हे वाचताना मला बालाघाट जिल्ह्यातल्या आपल्या लांजीशिवाय दुसरं उदाहरण सुचत नाही. रतनपूरच्या कलचुरी राजा जाजल्लदेवाचा १११४चा शिलालेख आहे. त्याला दरसाल खंडणी पाठवणाऱ्या मंडलांची यादी त्यात आली आहे: वैरागर, लांजिका, भाणार... म्हणजे आपल्या ओळखीचं वैरागड, लांजी, भंडारा. रतनपूर आजच्या बिलासपूरकडचं; मधे मैकलच्या रांगा आणि घनदाट रान. त्या रानातून दरवर्षी कारभारी धाडण्यापेक्षा ‘वर्षाला एवढं पाठवा आणि तुमचं तुम्ही बघा’ म्हणणं राजाला परवडलं. खेळातही दूरचा मुलूख आपल्या रंगात रंगवण्याऐवजी त्याला मांडलिक करून ठेवणं बहुतेकदा फायद्याचं ठरेल.

पुढे गोंड राजे आले. लांजीचा किल्ला त्यांच्याच राजवटीचा मानला जातो. मग नागपूरकर भोसले आले. १७५१मध्ये अलिवर्दीखानाशी तह झाला आणि भोसल्यांचा हात कटकापर्यंत पोचला. हात पोचला, मूठ मिटली नाही. वैनगंगेच्या पूर्वेकडच्या रानपट्ट्यात कामठ्यासारखे जमीनदार होते. ते टाकोळी, म्हणजे ठरलेली खंडणी, भरत आणि आपापलं बघत. नागपूर इथून तसं जवळ, तरी ही तऱ्हा.

माझी तक्रार इथेच आहे. खेळाच्या हिशेबात कमी पकड म्हणजे तोटा. तो आकडा पडद्यावर लाल होतो आणि खेळाडूचा हात रस्ता बांधायच्या बटणाकडे जातो. लांजीच्या रानातल्या माणसाला हीच कमी पकड सोयीची होती. खेळाडू कायम गादीवर बसलेला असतो, त्यामुळे रानातून दिसणारी बाजू त्याच्या वाट्याला येत नाही. दुसरं असं की या खेळात माणसं मोजलेली आहेत, शेतकरी-सरदार-पुरोहित अशा वर्गवारीने. युरोपातल्या काही शहरांसाठी जुनं दप्तर हाताशी असतं. आपल्याकडे मध्य प्रांताची पहिली शिरगणती १८६६ची आणि बालाघाट जिल्हाच १८६७चा. १३३७च्या गोंडवनात किती लोक होते हा आकडा अंदाजाचाच असणार, तो इतिहास म्हणून कोणी पाठ करू नये.

खेळ घेणार असाल तर एवढं करा: पहिल्या डावात दिल्ली घेऊ नका, एखादं छोटं राज्य घ्या. व्यापार आणि बांधकाम संगणकावर सोपवता येतं, सुरुवातीला खुशाल सोपवा. आणि वेळ चालू करण्याआधी नकाशा वैनगंगेच्या पूर्वेला सरकवून या पट्ट्याची पकड किती दाखवली आहे ते बघून ठेवा. पुढच्या लेखात व्यापाराचे बाजार.