प्लास्टिकचा तांदूळ : अनोळखी माणसांशी विज्ञानावर बोलताना



शालेय पोषण आहाराचा तांदूळ शाळेत उतरला की दोन-चार दिवसांत कुठून तरी एक व्हिडिओ फिरायला लागतो. तळहातावर मूठभर तांदूळ, त्यात वेगळे दिसणारे पिवळसर दाणे आणि मागून आवाज, "बघा, आपल्या लेकरांना प्लास्टिक खाऊ घालतात." खाली लोकांच्या प्रतिक्रियांची रांग. त्यातले बहुतेक जण एकमेकांना ओळखतही नाहीत. कोणी शिव्या देतं, कोणी समोरच्याला सरकारचा चमचा ठरवतं, कोणी न बोलता तसाच पुढे पाठवतं. आणि दुसऱ्या दिवशी दुसरीतलं एखादं पोरगं ताटातला भात बाजूला सारतं. "मॅडम, आई म्हणाली खाऊ नको."

म्हणून हा वाद आपल्याला "मोबाईलवरचं मोबाईलवर" म्हणून सोडता येत नाही. आपल्याकडे अशी मुलं आहेत ज्यांचं दिवसातलं पहिलं पोटभर जेवण शाळेत होतं. त्यांच्या ताटावर बाहेरच्या कुणाच्या तरी व्हिडिओने परिणाम होतो. तेव्हा आधी तो दाणा काय आहे ते नीट समजून घेऊ, मग अनोळखी माणसाशी त्यावर कसं बोलायचं ते पाहू.

त्या वेगळ्या दाण्याला आपण फोर्टिफाईड किंवा गुणसंवर्धित तांदळाचा दाणा म्हणतो. तो शेतात पिकत नाही, कारखान्यात बनतो, हे व्हिडिओवाल्याचं म्हणणं खरंच आहे. पण कशापासून? तांदळाच्या पिठापासून. पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि जीवनसत्त्व बी-12 यांचं मिश्रण घालतात, पाणी घालून मळतात आणि शेवयाच्या सोऱ्यासारख्या यंत्रातून दाबून तांदळाच्या आकाराचे तुकडे पाडतात. मग वाळवतात. असा 1 किलो दाणा साधारण 100 किलो साध्या तांदळात मिसळला जातो. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ धरलेला असतो, म्हणजे त्यात हा दाणा 1 ग्रॅमच्या आसपास. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या निकषाप्रमाणे एक किलो मिश्र तांदळात लोह 28 ते 42.5 मिलिग्रॅम असावं लागतं. म्हणजे मुलाच्या वाट्याला रोज सुमारे 3 ते 4 मिलिग्रॅम.

हे कशासाठी? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातल्या 6 ते 59 महिने वयाच्या 67.1 टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. 15 ऑगस्ट 2021 रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी 2024 पर्यंत सरकारी योजनांमधला तांदूळ असा करण्याची घोषणा केली. मिठात आयोडीन घालणं हा याचाच थोरला भाऊ. फरक एवढाच की मीठ पाहून ते कळत नाही, आणि इथे दाणा डोळ्यांना दिसतो. दिसतो म्हणून संशय येतो. संशय येण्यात चूक काही नाही. उलट आपल्या मुलांनी ताटातला वेगळा दाणा ओळखून "हे काय आहे?" असं विचारलं तर मला आनंदच होतो.

आता वादाकडे येऊ. अनोळखी माणूस म्हणतो, "पाण्यात टाका, तरंगतो. म्हणजे प्लास्टिक." या वाक्यावर मला जरा थांबायचं आहे, कारण बहुतेक वाद इथेच अडकतात. एक जण म्हणतो तरंगतो, दुसरा म्हणतो खोटं बोलता, आणि दोघं भांडत बसतात. खरं तर त्यातले बरेच दाणे तरंगतात! यंत्रातून दाबून निघताना आत हवेची बारीक छिद्रं राहतात, म्हणून तो हलका होतो. पॉलिथीनसुद्धा पाण्यापेक्षा हलकं, तेही तरंगतं. मग तरंगण्यावरून काय ठरलं? काहीच नाही. ज्या कसोटीत दोन्ही वस्तू सारखंच उत्तर देतात ती कसोटीच नव्हे. त्या माणसाला "तुम्ही खोटं बोलता" म्हणण्यापेक्षा "हो, तरंगतो, मीही पाहिलं. पण पिठाचा पोकळ दाणाही तरंगेल ना?" असं म्हणणं खरंही आहे आणि शहाणपणाचंही. त्याने पाहिलेली गोष्ट आपण नाकारत नाही, त्याने काढलेल्या निष्कर्षाबद्दल बोलतो.

भाताचा गोळा करून जमिनीवर आपटला की उसळतो, हाही तसाच पुरावा. कुठल्याही चिकट भाताचा घट्ट गोळा थोडाफार उसळतो. शिजलेलं स्टार्च चिकट असतं, आत हवा कोंडलेली असते. घरच्या इंद्रायणीचा गोळा करून बघा (आणि आईची बोलणी खायची तयारी ठेवा).

मग खरी कसोटी कोणती? जिथे दोन्ही वस्तूंची उत्तरं वेगळी येतील ती. पहिली तर रोज आपल्या शाळेच्या स्वयंपाकघरात होते. पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळतं. पॉलिथीन वितळायला त्याहून जास्त, साधारण 105 ते 135 अंश लागतात. म्हणजे प्लास्टिकचा दाणा उकळत्या पाण्यात तासभर ठेवला तरी पाणी पिऊन फुगणार नाही, मऊ होऊन बोटाने चुरडणार नाही. दाण्याचा दाणाच राहील. आपला दाणा मात्र शिजतो, फुगतो, चेपला की पीठ होतो. दुसरी कसोटी आयोडीनची, ती शेवटी देते.

आणि तो कारखान्याचा व्हिडिओ, ज्यात एका बाजूने प्लास्टिक जातं आणि दुसऱ्या बाजूने पांढरे दाणे पडतात? तो जुनं प्लास्टिक वितळवून पुन्हा वापरण्यासाठी दाणे करणाऱ्या यंत्राचा असतो. त्या दाण्यांपासून पुढे बादल्या, पाईप, पिशव्या होतात. व्हिडिओ खरा असतो, त्यावर चिकटवलेलं वाक्य खोटं असतं. मुलांना हा फरक पाचवीपासून सांगायला हवा असं माझं मत आहे. "व्हिडिओ खरा की खोटा?" एवढाच प्रश्न पुरत नाही.

वाद घालताना समोरचा माणूस कोण आहे हे आपल्याला माहीत नसतं, हे सतत लक्षात ठेवावं लागतं. वर्गात मला प्रत्येकाचं घर माहीत असतं. इथे समोर राईस मिल चालवणारा असेल, बारावीतला मुलगा असेल, किंवा जिचं बाळ कुपोषित आहे अशी घाबरलेली आई असेल. म्हणून मी सगळ्यांना "तुम्ही" म्हणते आणि "तुम्हाला विज्ञान कळत नाही" हे वाक्य कधीच लिहीत नाही. ते वाक्य लिहिलं की समोरचा तांदूळ विसरतो आणि स्वतःची अब्रू वाचवायला लागतो. पदवीचा दाखलाही देत नाही. माझा डी.एड. तिथे कोण विचारतो? आणि विचारलाच तर त्याने दाणा शिजतो की नाही हे थोडंच बदलतं?

दुसरं म्हणजे विषय सरकतो. प्लास्टिक नाही हे पटलं की "बरं, केमिकल तर आहे ना?" केमिकलचं उत्तर दिलं की "आपल्या आजीला कुठे लागत होतं हे?" मग "तुम्हाला किती पैसे मिळतात?" प्रत्येक प्रश्नामागे धावलं तर रात्रीचे बारा वाजतात. मी एक साधी गोष्ट करते. आधी विचारते, "दाणा प्लास्टिकचा नाही असं तुम्हाला कशावरून पटेल? तुम्हीच सांगा, ती चाचणी आपण करू." काही जण खरंच सांगतात आणि तिथून पुढे बोलणं छान होतं. जे म्हणतात "कशानेही पटणार नाही", त्यांच्याशी नमस्कार करून थांबायचं. वाचणारे इतर पन्नास जण काही न लिहिता वाचत असतातच. खरं तर आपण त्यांच्यासाठीच लिहितो.

आता थोडा नाजूक भाग. याच वादात एखादा अनोळखी माणूस विचारतो, "सिकलसेलच्या पेशंटने हा तांदूळ खावा का?" गर्दीत त्यालाही "अफवा पसरवू नका" म्हणून हाकलून दिलं जातं. हे फार चुकीचं आहे. सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांना जास्तीच्या लोहाबद्दल काळजी घ्यावी लागते, म्हणून लोह घातलेल्या अन्नाच्या वेष्टनावर त्यांच्यासाठी सूचना छापणं नियमानेच बंधनकारक होतं. तज्ज्ञ समितीच्या अभ्यासानंतर, या तांदळातलं लोह त्यांच्यासाठीही सुरक्षित आहे असं सांगत 2024 मध्ये ती सूचना काढली गेली. यावर सगळ्या अभ्यासकांचं एकमत नाही. रक्तक्षय फक्त लोहाच्या कमतरतेनेच होतो का, तांदळातून दिलेलं लोह कितपत उपयोगी पडतं, पालेभाजी, डाळ, अंडं यांवर तोच पैसा खर्च केला तर? हे जाणकार लोकांनी विचारलेले खरे प्रश्न आहेत.

"प्लास्टिक आहे" हे चुकीचं विधान आणि "सगळ्यांना चालेल का?" हा रास्त प्रश्न, दोन्ही एकाच रांगेत, एकाच सुरात येतात. दोघांना एकच उत्तर देणारा माणूस विज्ञानाच्या बाजूने बोलतोय असं वाटतं, पण तसं नसतं. पहिल्याला प्रयोग दाखवायचा. दुसऱ्याला, विशेषतः विदर्भातल्या किंवा आदिवासी पट्ट्यातल्या पालकांना, मुलाचा तपासणी अहवाल घेऊन डॉक्टरांशी बोला असं स्पष्ट सांगायचं. ज्या शाळेत सिकलसेलची मुलं आहेत तिथल्या शिक्षकांनी तर हा प्रश्न पालकांनी विचारण्याआधीच आरोग्य केंद्रात विचारून ठेवावा.

अजून एक. काही ठिकाणी स्वयंपाक करणाऱ्या ताई भीतीपोटी ते दाणे निवडून टाकतात, किंवा तांदूळ धुताना वर आलेले दाणे पाण्याबरोबर ओतून देतात. मग ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, तेच गटारात जातं. त्यांना एकदा पोत्यावरचं निळं "प्लस एफ" चिन्ह दाखवा आणि त्यांच्यासमोरच दहा दाणे वेगळे शिजवा. मोबाईलवरच्या शंभर उत्तरांपेक्षा या दहा दाण्यांचा उपयोग जास्त होतो.

आता आयोडीनचा प्रयोग. प्रथमोपचार पेटीतलं टिंक्चर आयोडीन किंवा पोव्हिडोन आयोडीन घ्या, पाण्यात पातळ करा. तीन बशा ठेवा. पहिलीत साध्या तांदळाचे चार दाणे कुटून, दुसरीत वेगळे दिसणारे चार दाणे कुटून, तिसरीत जुन्या पिशवीचे बारीक तुकडे. प्रत्येकात दोन-दोन थेंब टाका. पहिल्या दोन बशांत निळा-काळा रंग येतो, कारण दोन्हीत स्टार्च आहे. तिसरीत आयोडीनचा मूळचा तपकिरी रंग तसाच राहतो. थेंब टाकण्याआधी कोणत्या बशीत काय होईल हे मुलांकडून वहीत लिहून घ्या, आणि "नाही, हे प्लास्टिकच आहे" म्हणणाऱ्या मुलाच्याच हातात ड्रॉपर द्या. आमच्याकडे यावर हमखास एक प्रश्न येतो, "मॅडम, मिठातपण आयोडीन असतं, मग मीठ घातलेला भात निळा का होत नाही?" कारण मिठात पोटॅशियम आयोडेट असतं, मोकळं आयोडीन नसतं. स्टार्चला रंग येतो तो मोकळ्या आयोडीनमुळे.

प्रयोगाचे दाणे कोणी तोंडात घालणार नाही याकडे लक्ष द्या, बशा जेवणाच्या भांड्यांत मिसळू नका. शक्य असेल तर हा प्रयोग पालकसभेच्या दिवशी ठेवा आणि तांदूळ पालकांनाच त्या दिवशीच्या पोत्यातून काढायला सांगा.