जुन्या मोटारींतील गारवा कां उणावतो?

कोन व भिवंडीच्या आसपासच्या शेतकऱ्यांच्या दारांत आतां बैलगाडीच्या जागीं दहा-पंधरा वर्षें वापरलेली मोटार दिसूं लागली आहे. नवी गाडी घेण्याचें बळ सर्वांस नसतें. आणि घरांतील वृद्धांस कल्याणास डॉक्टरांकडे नेणें, किंवा भाजीच्या चार टोपल्या बाजारांत पोंचविणें, एवढ्या कामास जुनी गाडी पुरते. परंतु चैत्र-वैशाख लागला कीं "एसी गार करीत नाहीं" ही तक्रार घरोघर ऐकूं येते, आणि तिजवर एकच उपाय सांगण्यांत येतो : "गॅस भरून घ्या." हा उपाय पुष्कळदां निरुपयोगी व कित्येकदां अपायकारक कसा ठरतो, आणि खरा दोष मालकानें स्वतः कसा ओळखावा, हें सांगण्याचें येथें योजिलें आहे.

आमच्याच घरीं हा प्रकार घडला. आमच्या मातोश्रींस आठवड्यांतून दोन वेळां डायलिसिसकरितां कल्याणास न्यावें लागे. परततांना दुर्गाडीच्या पुलाजवळ गाड्यांची रांग लागली कीं एसीची हवा कोमट होई. रस्ता मोकळा होऊन गाडी पळूं लागली कीं ती पुनः गार लागे. एका उन्हाळ्यांत आम्हीं तीन वेळां गॅस भरविला. तिसऱ्या वेळेनंतर दोष कमी होण्याऐवजीं वाढला, आणि एके दुपारीं त्या रांगेंतच मातोश्रींस घेरी आली. पुढें दुसऱ्या एका कारागिरानें बोनेट उघडून एसी चालू केला व दोन मिनिटें नुसतें पाहिलें. कंडेन्सरचा पंखा फिरतच नव्हता. गॅस मुळांत पुरेसा होता. वर घातलेला अधिक गॅस काढावा लागला. महसुली कचेरींत तक्रारीचा अर्ज आला कीं आधीं जागेची पाहणी, मग पंचनामा व शेवटीं हुकूम, असा क्रम असे. तेथें जन्म घालवूनही आम्हीं घरच्या गाडीविषयीं हुकूम आधीं दिला व पाहणी शेवटीं केली, ही चूक आमची होय.

यंत्र काम कसें करतें

गाडीच्या आंतील उष्णता उचलून बाहेर टाकणें, हेंच या यंत्राचें काम. मातीच्या माठांतून पाझरलेलें पाणी वाफ होऊन उडतांना माठाची उष्णता घेऊन जातें, म्हणून आंतील पाणी गार होतें. मोटारींत पाण्याच्या जागीं बहुधा आर-१३४ए नांवाचा गॅस असतो. हवेच्या साध्या दाबाखालीं तो उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतो. डॅशबोर्डामागील कूलिंग कॉइलींत तो द्रवरूपानें शिरतो व उकळतांना तिजवरून वाहणाऱ्या वाऱ्याची उष्णता शोषून घेतो. पुढें इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर त्यास दाबतो; त्यायोगें तो तापतो. मग गाडीच्या तोंडाशीं, रेडिएटरच्या पुढें बसविलेल्या कंडेन्सरच्या जाळींत तो आपली उष्णता बाहेरच्या हवेस देऊन पुनः द्रव होतो, आणि बारीक छिद्राच्या व्हॉल्व्हमधून कॉइलींत परततो.

माठांतील पाणी उडून जातें, म्हणून माठ रोज भरावा लागतो. गाडींतील गॅस मात्र बंद नळ्यांतच फिरतो. दिव्यांतील तेलासारखा तो जळून संपत नाहीं. जुन्या रबरी नळ्यांतून वर्षाकाठीं तो किंचित् झिरपतो, हें खरें. परंतु एका हंगामांत संपत असेल तर कोठें तरी गळती आहे असें निश्चित समजावें.

पहिला प्रश्न : वारा कमी, कीं गारवा कमी?

ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवून जाळीपुढें हात धरावा. वारा गार आहे पण जोर नाहीं, असें आढळल्यास गॅसचा विचार मनांत आणूं नये. ज्या गाडींत हवेचा फिल्टर आहे तिचा फिल्टर काढून पाहावा. तो बहुधा सामान ठेवण्याच्या खणामागें असतो. आपल्या बाजूस रस्त्याची धूळ व यंत्रमागांवरून उडणारे सुताचे तंतू यांचा त्यावर जाड थर बसतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत फिल्टरच नसतो. तेव्हां तो थर थेट कूलिंग कॉइलीवर बसतो व ती काढून धुवावी लागते.

आरंभीं वारा चांगला, पण अर्ध्या-पाऊण तासानें तो मंदावत जातो, असें असेल तर कॉइलीवर बर्फ धरतें आहे. एसीचें बटण बंद करून दहा-पंधरा मिनिटें नुसता ब्लोअर चालवावा. वारा पूर्ववत् झाला तर हें निदान पक्कें झालें. थंडी मर्यादेंत ठेवणारा थर्मोस्टॅट बिघडणें, कॉइल मळणें किंवा गॅस कमी असणें, हीं याचीं कारणें होत.

दुसरा प्रश्न : गारवा केव्हां कमी?

गाडी धांवतांना गार आणि उभी राहतांच कोमट, हें कंडेन्सरच्या दुखण्याचें लक्षण. धांवत्या गाडीस समोरचा वारा मिळतो. उभ्या गाडीस पंख्याचाच आधार. एसी चालू केल्यावर थोड्याच वेळांत कंडेन्सरचा पंखा फिरूं लागला पाहिजे. तो न फिरल्यास फ्यूज, रिले, तार व मोटर या क्रमानें तपास करवावा. पंखा फिरत असूनही दोष राहिल्यास जाळी चोंदली आहे कीं काय तें पाहावें. इंजिन बंद व थंड असतां साध्या नळाच्या मंद धारेनें ती धुवावी. जोराच्या फवाऱ्यानें तिचीं नाजूक पातीं वांकतात. पंखा आपोआप सुरू होण्याचा संभव असतो, म्हणून किल्ली काढल्यावांचून तेथें हात घालूं नये. अशा स्थितींत वर गॅस घातल्यास दाब अधिकच चढतो व रक्षक स्विच कॉम्प्रेसर बंद पाडतो. आमच्या गाडीचें असेंच झालें.

गारवा मुळींच नसेल तर एसीचें बटण दाबतांच कॉम्प्रेसरचा क्लच "टक्" असा आवाज करून जुळतो कीं नाहीं तें ऐकावें. न जुळल्यास विजेचा दोष असेल, किंवा गॅस इतका उतरला असेल कीं दाबाचा स्विच कॉम्प्रेसरास चालूं देत नाहीं.

तिसरा प्रश्न : गारवा कोठें कमी?

एका बाजूच्या जाळींतून गार व दुसऱ्या बाजूच्या जाळींतून कोमट वारा येणें, याचीं मुख्य कारणें दोन. पहिलें, गरम व थंड हवा मिसळणारी आंतील झडप अडकणें. तापमानाचा खटका दोन्ही टोकांस फिरवून पाहावा. फरक पडत नसेल तर झडपेचा संशय धरावा. दुसरें, गॅस कमी असणें. पाटाचें पाणी अपुरें असलें कीं तोंडाचे वाफे भिजतात व शेवटचे कोरडे राहतात. तसेंच थोडा गॅस कॉइलीच्या आरंभीं उकळून संपतो, आणि तिचा उरलेला भाग कोमट राहतो.

दमट हवेचा हिशेब

कोंकणांतील गाडीची तुलना देशावरील गाडीशीं करूं नये. एक ग्रॅम पाणी एक अंशानें थंड करण्यास एक कॅलरी उष्णता काढावी लागते. परंतु एक ग्रॅम बाष्पाचें पाणी होतांना सुमारें ५८० कॅलरी निघतात. आपल्याकडील दमट दिवसांत यंत्राची बरीच शक्ति हें बाष्प आटविण्यांतच खर्च होते. गाडीखालीं पाणी ठिबकतें तें याचेंच, आणि तें शुभ चिन्ह आहे. पाणी खालीं न पडतां आंत पायांशीं सांचलें तर त्याची नळी तुंबली आहे.

परीक्षेसाठीं गाडी सावलींत ठेवावी, आंतील हवाच फिरती ठेवावी, इंजिन मिनिटास सुमारें १५०० फेऱ्यांवर चालवावें व दहा मिनिटांनीं मधल्या जाळींत थर्मामीटर धरावा. बाहेर ३५ अंश असतां तेथें १० ते १५ अंश आढळल्यास जुन्या गाडीनें आपलें काम केलें असें मानावें.

चौथा प्रश्न : गॅस कमी असेल तर तो गेला कोठें?

या प्रश्नाचें उत्तर मिळाल्यावांचून गॅस भरूं देऊं नये. नळ्यांच्या सांध्यांवर तेलकट डाग व त्यावर चिकटलेली धूळ दिसल्यास गळती बहुधा तेथेंच असते, कारण गॅसबरोबर यंत्रांतील तेलही बाहेर येतें. कारागिरास नळ्यांत नायट्रोजन भरून व साबणाचें पाणी लावून तपासणी करावयास सांगावें. गळती बुजविल्यावर निर्वात पंपानें नळ्यांतील हवा व ओल काढून टाकावी, आणि बोनेटखालील पट्टीवर लिहिलेला गॅस लिहिलेल्याच वजनाचा, कांट्यावर मोजून भरावा. लहान गाड्यांत हें वजन बहुधा अर्ध्या किलोच्या आसपास असतें. "अंदाजानें" भरणें मान्य करूं नये.

१९९० च्या दशकांतील कांहीं गाड्यांत आर-१२ हा निराळा गॅस होता. ओझोनच्या थरास अपाय करणारा म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारान्वयें तो हटविण्याचें ठरलें. त्याचें तेलही निराळें असल्यामुळें दोहोंची भेसळ करूं नये. स्वयंपाकाचा गॅस तर कदापि भरूं देऊं नये. तो पेट घेतो. तसेंच सांधे स्वतः उघडूं नयेत. सुटलेल्या द्रवानें कातडी व डोळे गोठून इजा होते. शिवाय एक किलो आर-१३४ए हवेंत सोडला असतां शंभर वर्षांच्या हिशेबानें सुमारें १४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता तो कोंडतो. आणि ऋतु बिघडल्याचें नुकसान शेतकऱ्याइतकें दुसऱ्या कोणास भोगावें लागतें?

सारांश, वारा, वेळ, जागा व गळती या चार गोष्टी क्रमानें पाहाव्या; पहिल्या तिहींस पैसा लागत नाहीं. कारागिराकडे जातांना "गॅस भरा" असें न म्हणतां, गारवा केव्हां व कोठें कमी पडतो तें सांगावें, व दोष दाखविल्यावरच कामास संमति द्यावी. पंखा बदलल्यापासून पुलाजवळच्या रांगेंतही आमच्या मातोश्री स्वस्थ बसून येतात. सभासद बंधूंच्या घरच्या वृद्धांस व आजाऱ्यांस तोच दिलासा कमी खर्चांत मिळावा, एवढ्याच हेतूनें हें लिहिलें आहे.