लोखंडाचा सूर

आमच्या पाचोरा-जामनेर छोट्या गाडीची खडखड, ती बंद होईपर्यंत, आम्ही जन्मभर ऐकली. तिला संगीत मात्र कोणी म्हटले नाही. इंग्लंडातील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरी तसे घडले. १९६५ साली तेथे पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी या सतरा वर्षांच्या मुलाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात तुटली. तो डावखुरा, तेव्हा गिटारीच्या तारा दाबावयाचा हात नेमका तोच! त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली. पुढे तारा सैल करून सूर खर्जात उतरविला. ‘ब्लॅक सॅबथ’च्या त्या संथ, काळोख्या नादातून ‘डूम मेटल’ निघाले. १९८८ साली त्याच शहरी ‘गॉडफ्लेश’ने ढोलवाल्याच्या जागी विजेचे तालयंत्र बसविले, तेच हे ‘इंडस्ट्रियल मेटल’. मला ते दहा मिनिटांहून अधिक ऐकवत नाही. परंतु आयोमीच्या हाताची हकीकत कळल्यापासून त्यास गोंगाट म्हणण्यास जीभ धजत नाही.