चालली तर चालली!

वय वर्षं वीस, रंग पांढरा (होता), स्वभाव लहरी. जळगाव-धुळे रोडवर एका म्हाताऱ्या गाडीसोबत काढलेल्या दिवसांची ही गोष्ट. आणि तिला ठेवायचं की भंगारात काढायचं, या घरगुती भांडणाचीही!

मे महिन्यातल्या दुपारी, खानदेशात, गाडीचा हीटर लावून बसलेलं माणूस तुम्ही कधी पाहिलंय? नसेल, तर पारोळ्याच्या पुढे हायवेच्या कडेला बघा. ती मी!

बाहेर ४४ डिग्री. काचा खाली. चेहऱ्यावर ओढणी. आणि डॅशबोर्डमधून भट्टीसारखी गरम हवा. मोटारसायकलवरून जाणारे एक काका थांबले, वाकून बघितलं आणि आमच्या अहिराणीत विचारलं, ''काय व्हयनं ताई? गाडी बंद पडनी का?''

''नाही काका, बंद पडू नये म्हणून बसलेय.''

काकांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि बाटलीतलं पाणी प्यायला दिलं. गाडीला नाही, मला!

आता ही हीटरची भानगड काय ते सांगते. इंजिन तापलं की त्याची उष्णता बाहेर काढायचं मुख्य काम रेडिएटरचं. पण केबिनचा हीटरही इंजिनच्याच गरम पाण्यावर चालतो. म्हणजे तो एक छोटा रेडिएटरच! फुल हीटर लावला की इंजिनची थोडी उष्णता तुमच्या अंगावर येते आणि टेम्परेचरचा काटा जरा खाली सरकतो. इंजिन वाचतं, ड्रायव्हर शिजतो.

हे ज्ञान मला मास कॉमच्या दोन वर्षांत कुणी दिलं नाही. या गाडीने दिलं.

पतपेढीची पाहुणी

नोव्हेंबर २००५. पप्पा शाळेत मास्तर. शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढून त्यांनी ही छोटी पेट्रोल गाडी घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, बिचारीची वीस वर्षांनी अब्रू कशाला काढायची? एमएच-१८ नंबर, बोनेटवर झेंडूचा हार, देवपूरच्या आमच्या गल्लीत पेढे. मी तेव्हा आठ वर्षांची होते. पहिल्या दिवशी सीटवरचं प्लास्टिक काढायला पप्पांनी साफ नकार दिला. पुढची चार वर्षं ते तसंच होतं!

त्या पिढीचं गाडीशी असलेलं नातं आपल्याला जरा विनोदी वाटतं. पण थोडं मागे जाऊन बघा. १९४४मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, ही कित्येक वर्षं आपल्याकडच्या 'गाडीवाल्या' घराची खूण होती. नंबर लावा आणि वाट बघत बसा. मग १४ डिसेंबर १९८३ला पहिल्या मारुती ८००ची किल्ली इंदिरा गांधींच्या हातून दिल्लीच्या हरपाल सिंग यांना मिळाली आणि मध्यमवर्गाला गाडीचं स्वप्न परवडेल असं वाटायला लागलं. पप्पांचं स्वप्न पूर्ण व्हायला त्यानंतर आणखी बावीस वर्षं लागली. म्हणून ते प्लास्टिक!

तीन वर्षांपूर्वी मी फ्रीलान्सिंगसाठी जळगावला फ्लॅट घेतला (भाड्याने, गैरसमज नको). पप्पांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. ''तू चालव. मला आता रात्रीचं नीट दिसत नाही.'' तेव्हापासून दर शनिवारी जळगाव-एरंडोल-पारोळा-धुळे आणि रविवारी रात्री परत. एका बाजूने साधारण ९५ किलोमीटर. गुगल मॅप दोन तास दाखवतो. गुगल मॅपला माझी गाडी माहीत नाही.

रोजची कुरकुर

एकच मोठा बिघाड असता तर काहीतरी निर्णय झाला असता. आमच्या गाडीत मोठं काही नाही. छोटं सगळं आहे.

ड्रायव्हरचा दरवाजा आतून उघडत नाही. काच खाली करायची, हात बाहेर काढायचा, बाहेरचं हँडल ओढायचं. ऑफिसच्या पार्किंगमध्ये मी हे इतक्या सराईतपणे करते की वॉचमनला ती स्टाइल वाटते.

मागची डावी काच दोन तळव्यांमध्ये धरून वर ढकलावी लागते. पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर. टाकी फुल असो वा कोरडी, ताईसाहेब समाधानी! म्हणून मी किलोमीटरची डायरी ठेवते. ३०० झाले की पंप. डावीकडे स्टिअरिंग पूर्ण वळवलं की हॉर्न आपोआप वाजतो. त्यामुळे जळगावच्या आकाशवाणी चौकात माझ्याकडे कितीतरी लोक रागाने बघतात आणि मी त्यांच्याकडे 'मी नाही, ही!' अशा चेहऱ्याने.

त्यात या रस्त्याने तिचे हाल केले. तरसोद ते फागणे या टप्प्याचं चौपदरीकरण रखडलं होतं, त्या वर्षांत धूळ, खड्डे आणि डायव्हर्जन यांनी तिचे सस्पेन्शनचे बुश खाऊन टाकले. आता रस्ता सुधारला, पण गाडीच्या हाडांनी तो काळ लक्षात ठेवलाय. प्रत्येक स्पीडब्रेकरवर ती आठवण काढते.

मिस्तरींची शाळा

अजिंठा चौफुलीकडे एक गॅरेज आहे. तिथले मिस्तरी बोलतात कमी आणि ऐकतात जास्त. म्हणजे माझं नाही, इंजिनचं. पहिल्या वर्षी मी त्यांच्याकडे जाऊन ''गाडी बिघडलीय'' एवढंच सांगायचे. एक दिवस ते म्हणाले, ''ताई, डॉक्टरकडे जाऊन 'मी आजारी शे' एवढंच सांगतस का? कुठे दुखस ते सांगा ना!''

तेव्हापासून मी लक्षणं शिकले.

सेल्फ मारल्यावर 'टकटकटकटक' असा भराभर आवाज आला, तर बहुतेक बॅटरी उतरलीय. एकच जाडसर 'टक्' आला आणि पुढे सामसूम, तर आधी बॅटरीचे टर्मिनल बघायचे, मग स्टार्टरवर संशय घ्यायचा. गाडी सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये तापत असेल, तर रेडिएटरचा पंखा, त्याचा फ्यूज किंवा रिले. चालत्या गाडीला हवा मिळते, उभ्या गाडीला पंखाच लागतो. पण हायवेला, चांगल्या स्पीडला तापत असेल, तर पंख्याचा दोष कमी. मग कुलंट कमी झालंय, रेडिएटर चोंदलाय, थर्मोस्टॅट अडकलाय किंवा वॉटर पंप थकलाय.

आमचा पारोळ्याचा प्रकार दुसरा होता. रेडिएटरमधून जे निघालं त्याला मिस्तरींनी 'चहा' म्हटलं. वर्षानुवर्षं साधं बोअरचं पाणी ओतलेलं. खानदेशातलं पाणी जड. त्यातले क्षार आत साचतात आणि गंजही धरतो.

नवीन प्रकरण पेट्रोलचं. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये एका लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणजे अ‍ॅव्हरेज थोडा घसरणारच. शिवाय ते हवेतली ओल धरून ठेवतं आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, सील त्याच्यासाठी बनवलेलेच नसतात. मिस्तरींनी पेट्रोलचे पाइप बदलून दिले आणि म्हणाले, ''टाकी भरेल ठेवा, गाडी दहा-दहा दिवस उभी करू नका.''

आता मला सांगा, एवढं सगळं शिकल्यावर एखाद्या गाडीवर जीव जडणार नाही का? जडला. आणि तिथेच घोळ झाला.

ती रात्र

जून २०२५. शनिवार, मी धुळ्यालाच. रात्री दोन वाजता पप्पांनी हलवून उठवलं. आईला दम्याचा त्रास आहे, पण असा अटॅक कधी आला नव्हता. पंप मारूनही श्वास लागेना. ओठ वेगळेच दिसायला लागले.

मी किल्ली घेऊन पळाले. आईला मागे बसवलं. किल्ली फिरवली.

टक्.

परत फिरवली. टक्. पप्पा खाली उतरून धक्का द्यायला लागले, पासष्ट वर्षांचा माणूस, बनियनवर. गल्लीत चढ. मी क्लच सोडतेय, पप्पा ढकलतायत, आई मागे बसून श्वास ओढतेय. त्या आवाजामुळे शेजारचे काका जागे झाले. त्यांनी स्वतःची गाडी काढली. दवाखान्यात पोहोचलो, नेब्युलायझर लागला, ऑक्सिजन लागला. पहाटे आई झोपली.

मी नंतर फोनवर वेळ बघितली. त्या गाडीपाशी आम्ही बारा मिनिटं घालवली होती. बारा मिनिटं! आणि त्या बारा मिनिटांत १०८ला फोन करायचं आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. शेजारच्यांचं दार वाजवायचंही नाही. आम्ही फक्त त्या किल्लीकडे बघत होतो. आता लागेल, आता लागेल...

गाडी दगा देते तेव्हा राग येतो. पण मला त्या पहाटे भीती वाटली ती स्वतःची. 'चालली तर चालली' हे वाक्य मी तीन वर्षं मित्रमैत्रिणींना जोक म्हणून ऐकवत होते.

भंगार की पासिंग?

सकाळी पप्पांनी एकच वाक्य उच्चारलं. ''विकून टाकू.''

जुन्या गाड्यांच्या डीलरने फोटो बघून ३० हजार सांगितले. भंगाराचाही पर्याय होता. सरकारमान्य केंद्रात गाडी मोडीत काढली की सर्टिफिकेट मिळतं आणि नवीन गाडीच्या वेळी काही सवलत. पण नवीन गाडी म्हणजे महिन्याला नऊ-दहा हजारांचा हप्ता, पाच वर्षं. फ्रीलान्सरचं उत्पन्न कसं असतं माहितीये? आमच्या गाडीच्या सेल्फसारखं. कधी एका झटक्यात, कधी नुसतंच टक्.

आणि ठेवायची, तर नोव्हेंबरमध्ये पासिंग. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, मग दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. दिल्लीसारखी पंधरा वर्षांची बंदी आपल्याकडे खासगी गाड्यांना नाही, पण फी मात्र वाढत गेलीय. पप्पांनी २०२०मध्ये पहिलं नूतनीकरण केलं तेव्हा ६०० रुपये होते. एप्रिल २०२२पासून ते ५ हजार झाले आणि ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी १० हजार. वर पर्यावरण कर, नवी नंबरप्लेट, टायर. म्हणजे ३० हजारांच्या गाडीवर तितकेच खर्च करायचे!

मी आणि पप्पा विकण्यावर जवळजवळ ठाम होतो. आई हॉस्पिटलमधून घरी येऊन तीन दिवस झाले होते. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, ''गाडीला कशाला बोल लावता? बॅटरीत पाणी टाका म्हणून मी मे महिन्यापासून सांगत होते. तुम्ही दोघांनी ऐकलं?''

खरं होतं. उन्हाळ्यात बॅटरीतलं पाणी उडतं. मिस्तरींनी सांगितलं होतं, आईने सांगितलं होतं. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर मी स्वतः बघितला होता. गरम पाणी ओतून, साफ करून, व्हॅसलीन लावायचं पाच मिनिटांचं काम. 'नेक्स्ट वीक' म्हणून सोडलं होतं.

मग आम्ही गाडी ठेवली. अर्थात काही अटींवर! नवी बॅटरी आधी. नोव्हेंबरमध्ये धुळ्याच्या आरटीओत तिला उभं केलं. ब्रेक, लाइट, हॉर्न (सरळ स्टिअरिंगवर, देवाच्या कृपेने!) सगळं तपासून झालं आणि २०३०पर्यंतचा शिक्का बसला. पप्पांनी चहा पाजला, गाडीच्या बोनेटला हात लावून नमस्कार केला आणि कुणी बघितलं नाही ना, म्हणून इकडेतिकडे पाहिलं. मी बघितलं.

पण फ्रिजवर आता एक कागद आहे. त्यावर १०८, शेजारच्या काकांचा नंबर आणि गल्लीतल्या रिक्षावाल्या दादांचा नंबर. आजारपण असेल तर आधी हे तिघं. गाडीची किल्ली त्या यादीत नाही.

ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपली म्हणून रस्त्यावरून गेली, तेव्हा सगळ्यांनी हळहळून फोटो टाकले. मीही टाकला होता. त्या टॅक्सीत रोज बसायचं कुणाला होतं, हे मात्र कुणी लिहिलं नाही. जुन्या गोष्टीवर प्रेम करायला हरकत नाही. फक्त बॅटरीत पाणी घालायला विसरू नका.

बाकी माझ्या ड्रायव्हरच्या दरवाजाचं म्हणाल, तर तो अजून बाहेरूनच उघडतो. तो दुरुस्त करायला पुढच्या आठवड्यात जाणार आहे.

नक्की!

डिकीत एवढं असू द्या

• जम्पर केबल. दुसऱ्या गाडीची बॅटरी तुमचा जीव वाचवते.
• पाच लिटरचा कॅन पाण्याचा आणि एक बाटली कुलंटची. पाणी फक्त वेळ भागवायला.
• चार-पाच जादा फ्यूज. दहा-वीस रुपयांचं काम, पण रात्री हायवेवर सोन्याच्या भावाचं.
• टॉर्च, जुना टॉवेल, रिफ्लेक्टरचा त्रिकोण.
• तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर डिग्रीच्या वर गेलेलं असतं, झाकण फिरवताच उसळतं. अर्धा तास थांबा, मग टॉवेल धरून हळूच.
• नॅशनल हायवेवर गाडी बंद पडली तर १०३३. माणूस आजारी पडलं तर १०८. दोन्ही नंबर आत्ताच सेव्ह करा.